पाण्यावरच्या घरात गेलेला थर्मास

मित्रांनो, जिचं काम संपलंय पण जिला कुणी टाकूनही देत नाही, अशी एखादी वस्तू तुमच्या घरात असेलच. इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समधल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, ती वस्तू मी आहे. जुना, निळ्या रंगाचा थर्मास. पोटाला एक मोठा पोचा, आणि कानाला, म्हणजे हँडलला, लहान मुलीच्या केसांचा एक विटका लाल रबर अडकवलेला. माझ्यात आता चहा गरम राहत नाही. मग तू थर्मास कसला, असं तुम्ही म्हणाल. पूर्वी मीही हेच म्हणालो असतो, आणि तेही नाक वर करून. पण आधी माझी हकिकत पुरती ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. थर्मासाला दोन भिंती असतात, एक बाहेरची आणि एक आतली. त्या एकीत एक बसवतात आणि मधली हवा यंत्रानं ओढून घेतात. मग दोघींच्या मध्ये काहीच उरत नाही. त्या पोकळीमुळंच आतली ऊब आत राहते. दोन्ही भिंती जन्मभर अगदी शेजारी राहतात, पण एकमेकींना कधी शिवत नाहीत. थर्मासाचं सगळं कसब एवढंच, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

कारखान्यातून मी आलो लंडनमधल्या वेम्बलीला. ईलिंग रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानात कुकर आणि पोळपाट यांच्यामध्ये मला जागा मिळाली. तिथं एका शनिवारी एक बाई आल्या. त्यांनी माझं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, वास घेतला, बूच दोनदा घट्ट करून पाहिलं.

"सकाळी भरला तर दुपारपर्यंत चहा गरम राहतो का हो?" त्यांनी विचारलं.

"राहणार, बेन. नाही राहिला तर परत आणा," दुकानदार म्हणाला.

त्या होत्या सुप्रभाकाकू. त्यांच्या मागं पिशव्या धरून उभे होते ते त्यांचे यजमान, शशिधरकाका. मराठी मंडळातली सगळी मुलं त्यांना काका-काकू म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. तेव्हा ते क्रॉयडनला राहत होते. काका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे आणि त्यांची कायम दिवसपाळी असायची. काकू लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होत्या आणि त्यांनी मुद्दाम रात्रपाळी मागून घेतली होती. कारण घरात कस्तुरी होती, नुकती चालायला लागलेली. आई नाहीतर बाबा, दोघांपैकी एक जण तरी तिच्याजवळ असलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. इथं ना आजी, ना मावशी. करणार काय?

मग माझं काम सुरू झालं. सकाळी काका आलं ठेचून चहा करायचे, स्वतः एक कप प्यायचे आणि उरलेला माझ्यात भरायचे. काकू रात्रपाळी संपवून ट्रामनं घरी यायच्या. दारातच दोघांची गाठ पडायची.

"खाल्लं का तिनं?"

"अर्धी पोळी. किल्ली टेबलावर आहे."

झालं, काका गेले. काकू बूट काढून खुर्चीत बसायच्या, दोन्ही हातांनी मला जवळ ओढायच्या आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटायच्या. संध्याकाळी हेच उलट. काकू चहा करून मला भरायच्या आणि कामावर जायच्या, काका येऊन तो प्यायचे. एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं रिकामं करायचं. कस्तुरीला ताप असला, तर जाणारा तिचा केसांचा लाल रबर माझ्या कानाला अडकवून जाई. येणाऱ्यानं रबर पाहिला, की चहाआधी तो पोरीच्या कपाळाला हात लावी.

घरात आणखी एक नियम होता. झोपलेल्या काकूंना उठवायचं नाही. त्या दिवसा झोपायच्या, तेव्हा फोनवर उशी ठेवली जाई आणि कस्तुरी चवड्यांवर चालायला शिकली. खरंच काही घडलं असेल, तरच आईला हाक मारायची. नाहीतर घर पडलं तरी चालेल, असं काका म्हणत.

मंडळाच्या गणपतीत माझं फार कौतुक व्हायचं. "सुप्रभा, काय सॉलिड थर्मास आहे तुझा," असं बायका म्हणायच्या. मी मनात म्हणायचो, नुसता थर्मास काय म्हणता? ह्या दोघांचा संसार मी चालवलाय. आणि मला ते अगदी खरं वाटायचं.

वर्षं गेली. कस्तुरी मोठी झाली, नोकरीला लागली. काका-काकू मिल्टन कीन्सला घर घेऊन राहिले. मग काका रिटायर झाले आणि त्यांच्या पाठोपाठ काकूही. मला वाटलं, आता आपलं काम संपलं. दोघंही घरात असताना थर्मास हवा कुणाला?

पण सवय मोठी वाईट. काका पहाटेच उठायचे, चहा करून मला भरायचे आणि फिरायला निघून जायचे. काकूंचं शरीर रात्रपाळीला मुरलेलं. त्या उशिरा उठायच्या आणि माझ्यातला चहा एकट्याच प्यायच्या. दिवसा दोघं एका खोलीत आले, की थोड्या वेळानं कुणीतरी एक जण उठून जाई. भांडण म्हणाल तर तसं काहीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, भांडायला निदान समोरासमोर बसावं लागतं.

एका रविवारी कस्तुरी आली होती. काकू तिच्यासमोर कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"वॉर्डातून फोन होता," त्या म्हणाल्या. "नाईट्सना स्टाफ कमी पडतोय. हो म्हणून टाकावं म्हणते."

"आई, पण तू रिटायर झाली ना?"

"झाले गं. पण आम्ही दोघं घरात नुसते पाहुण्यांसारखे वावरतो. काय बोलायचं तेच सुचत नाही. मी रात्री बाहेर असले, की सगळं बरं चालतं. तुझ्या बाबांनाही मोकळं वाटेल."

खोटं कशाला सांगू, मी मनातून खूश झालो. पुन्हा पाळ्या, पुन्हा माझा मान! पण कस्तुरीचा चेहरा पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली आणि तिनं आईबाबांसमोर फोन धरला. मालदीवमधलं एक बेट, आणि समुद्रात खांबांवर उभी असलेली लाकडी घरं.

"हा माझी गिफ्ट आहे," ती तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली. "बंगलो एकदम पाण्यावर आहे. आई, तू वॉर्डला आन्सर परत आल्यावर दे. आणि नॉन-रिफंडेबल आहे, सो तुम्हाला जायलाच लागेल."

आजवर ह्या दोघांची सगळी रजा भारतात जायची. लग्नं, मुंजी, कुणाचं आजारपण. नुसतं बसायला म्हणून कुठं जातात, हे त्यांना माहीतच नव्हतं. दोघंही गडबडून गेले, पण पोरीचं मन मोडवेना.

बॅग भरताना काकांनी माझ्या पोटात मोजे कोंबले आणि मला मेतकुटाच्या बरणीशेजारी ठेवलं.

"अहो, तिथं केटल असते खोलीत," काकू म्हणाल्या.

"केटल असेल. थर्मास असेल का?"

विमानतळावर एका अधिकाऱ्यानं मला बाहेर काढून मोजे उपसले. वर्षानुवर्षांचं आलं नाकात गेल्यावर त्यानं मुकाट्यानं मोजे परत आत भरले. मग मोठं विमान, मग पाण्यावर उतरणारं छोटं विमान, आणि शेवटी ते घर.

मित्रांनो, मी उभ्या जन्मात असलं घर पाहिलं नव्हतं. चारी बाजूंना पाणी, तेही काचेसारखं स्वच्छ. मागच्या ओट्यावरून लाकडी पायऱ्या थेट समुद्रात उतरत होत्या. खोलीच्या मधोमध जमिनीला काच बसवलेली, खाली पिवळे-निळे मासे फिरत होते. काका चष्मा पुसून पुसून बघत होते. काकू मात्र नुकतीच फरशी पुसल्यासारख्या त्या काचेच्या कडेकडेनं, भिंतीला धरून जायच्या. लहानपणी बार्शीला त्या विहिरीत पडल्या होत्या. तेव्हापासून पाण्याची जी भीती बसली, ती काही गेली नाही. कस्तुरी पोहायला शिकली, तेव्हाही ह्या तलावाच्या वरच्या मजल्यावर काचेमागं मुठी आवळून बसायच्या.

आणि आता ह्या दोघांचा घोळ ऐका. दुसऱ्या दिवशी पहाटे काका उठले, केटलवर चहा केला, मला भरलं, काकूंच्या उशाशी ठेवलं आणि फिरायला गेले. बेट केवढं? एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल. तरी काका त्याला फेऱ्यांवर फेऱ्या मारत होते, तेही सँडलमध्ये मोजे घालून. काकू उठल्या, ओट्यावर बसून त्यांनी एकटीनं चहा घेतला. नाश्त्यालाही काका आधी जाऊन आले, काकू नंतर. एवढ्या सुंदर जागी येऊन ह्या दोघांनी तिथंही पाळ्या लावल्या! तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच.

त्या दिवशी काकू नाश्ता करून आल्या. काकांचा ओट्यावर बसून नुकताच माझ्यातला एक कप चहा पिऊन झाला होता.

"तिथली वाढणारी बाई विचारत होती," काकू म्हणाल्या, "की तुम्ही दोघी-तिघी मैत्रिणी आलाय का. मी म्हटलं, नाही, मिस्टरांबरोबर आलेय. तर म्हणाली, ते कुठं असतात?"

काका हसायला गेले, पण काकू हसत नव्हत्या.

"मी वॉर्डाला आजच हो कळवते," त्या म्हणाल्या. "पोरीनं एवढ्या हौसेनं पाठवलं, पण आपल्याला नाही जमत हे. उगाच ओढून-ताणून कशाला?"

मी काकांच्या शेजारीच होतो. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना फार वाईट वाटलं होतं. त्यांना दोनच गोष्टी येत होत्या, रक्त तपासणं आणि चहा करणं. त्यांनी मला उचललं.

"चहा घेतेस थोडा?"

"नको मला तो थर्मासातला चहा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी हात आडवा केला.

मी काकांच्या हातून निसटलो. पायरीच्या काठावर पोटावर आदळलो आणि पाण्यात पडलो. अर्धा रिकामा असल्यामुळं बुडालो नाही. पण पाण्याला ओढ होती, आणि मी हळूहळू घराच्या खांबांकडं, खालच्या सावलीत निघालो. आतून काहीतरी दबल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं, संपलो आपण.

"जाऊ दे," वरून काकांचा आवाज आला. "नवीन मागवू घरी गेल्यावर."

"नवीन?" काकू म्हणाल्या. "त्याला कस्तुरीचा रबर आहे."

आणि मित्रांनो, विहिरीच्या आठवणीनं दचकून उठणाऱ्या त्या बाई भराभर पायऱ्या उतरल्या. ओढणी वर टाकली, कठडा घट्ट धरला, एक पाय पाण्यात, मग दुसरा. तळाला वाळू लागली. पाणी कमरेच्याही थोडं वर आलं. कठडा सोडून त्या दोन पावलं आल्या, हात लांब केला आणि लाल रबराला धरून त्यांनी मला ओढलं.

तेवढ्यात मागून धबाक असा आवाज झाला. काका पाण्यात. पँट, घड्याळ, सँडल, मोजे, सगळ्यासकट.

"सुप्रभा, तुला पोहता येत नाही," ते धापा टाकत म्हणाले.

"तुम्हाला तरी कुठं येतं?"

काका थांबले. खरंच त्यांनाही येत नव्हतं. काकूंची नजर खाली गेली. त्या स्वच्छ पाण्यात काकांचे करडे मोजे लख्ख दिसत होते, आणि एक मासा त्यांच्याभोवती चौकशी करत होता. काकू हसायला लागल्या. मग काकाही हसले. एवढी वर्षं मी त्यांच्या घरात होतो, पण दोघांना एकाच वेळी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

हसू ओसरल्यावरही दोघं वर आले नाहीत. काकांनी काकूंचा दंड धरला होता.

"मला तुझ्याशी काय बोलावं ते कळत नाही गं," काका म्हणाले. "थर्मास भरून ठेवला, की तुझ्याशी बोलून झालं, असं वाटायचं."

"मलाही प्यायल्यावर तसंच वाटायचं. पण थर्मास उत्तर देत नाही हो," काकू म्हणाल्या.

मी काकूंच्या काखेतच होतो. उत्तर द्यायला माझ्याकडं पुष्कळ होतं, पण आम्हाला कोण विचारतो!

दुसऱ्या दिवशी काकांनी सवयीनं मला भरलं आणि फिरायला गेले. काकूंनी उठल्यावर कप भरला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहा गार होता. काका आल्यावर त्यांनी मला उलटंपालटं करून पोचा पाहिला, कढत पाणी भरलं आणि लॅबमध्ये बसल्यासारखे माझ्या पोटावर हात ठेवून बसले.

"बाहेरून गरम लागतोय," ते म्हणाले. "आतली भिंत बाहेरच्या भिंतीला टेकलीय. गेला हा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कचऱ्याची पेटी, दुसरं काय? पण काकूंनी मला धुतलं, पुसलं आणि ओट्यावर उन्हात ठेवलं. रबरही तसाच राहू दिला.

त्याच्या पुढची सकाळ मी कधी विसरणार नाही. काकांनी चहा केला. दोन कप भरले. आपला उचलला आणि काकूंच्या कपाकडं बघत उभे राहिले. आता हा ठेवायचा कशात? त्यांनी त्यावर बशी झाकली. बशी काढून पाहिली. पुन्हा झाकली. मग पलंगापाशी गेले आणि तिथंही नुसतेच उभे. झोपलेल्या बायकोला उठवायचं नाही, हा नियम त्यांनी सगळा संसारभर पाळला होता. शेवटी त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि तिच्या खांद्याला हात लावला.

"सुप्रभा, ऊठ गं."

काकू ताडकन उठून बसल्या. "काय झालं? कस्तुरी बरी आहे ना?"

"काही झालं नाही," काका म्हणाले. "चहा निवतोय."

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. कारण तेवढ्यासाठी त्यांना आजवर कुणी उठवलंच नव्हतं.

दोघांनी पायऱ्यांवर बसून, पाय पाण्यात सोडून चहा घेतला. काकांनी मोजे काढले होते, हे मी मुद्दाम सांगतो. नंतरचे दिवस मग सुट्टीसारखे गेले. दोघं नाश्त्याला बरोबर जायचे. काकू जमिनीतल्या काचेवर पालथ्या पडून मासे बघायच्या आणि काकांना हाका मारायच्या. दुपारी दोघं ओट्यावर आडवे व्हायचे, कधी बोलत, कधी न बोलता. पण आता कुणी उठून जात नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी वॉर्डाला फोन केला. "नाही जमणार, सॉरी," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवून समुद्रात पाय बुडवायला गेल्या.

घरी आल्यावर कस्तुरीनं माझा पोचा पाहिला.

"आई, हे तुटला आहे. टाकू का?"

"खबरदार," काका आणि काकू एकदम म्हणाले.

कस्तुरीनं दोघांकडं पाहिलं, रबर बोटानं हलकेच ओढला आणि मला पुन्हा खिडकीत ठेवलं. तेव्हापासून मी इथं आहे. माझ्यात लाकडी चमचे ठेवतात. बाहेर रेडवे नावाच्या सायकलवाटेवरून सायकली जातात, आणि मी निवांत असतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. मला ज्यांनी सांभाळलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मी माझं काम चोख केलं, त्याचंही मला समाधान आहे. पण माझ्या भरवशावर फार दिवस राहू नका. आपल्या माणसाला जे गरम गरम द्यायचं, ते समोर बसून द्या. थर्मास ते फक्त ठेवू शकतो, हो.

काकूंची झोप आता सुधारली आहे. कधीकधी त्याच आधी उठतात. मग खिडकीत मला आल्याचा वास येतो, दोन कप टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, आणि पाठोपाठ जिन्याकडं तोंड करून काकू हाक मारतात, "अहो, उठा आता. चहा निवतोय."